याचिका करावी की धरणे धरावे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तालुक्याच्या गावी तुमचा तरुणांचा गट आहे. नळपाण्याच्या प्रश्नावर शांततेत धरणे धरायचे म्हणून तुम्ही पोलिसांकडे दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा परवानगी नाकारली गेली, शिवाय ‘काही अनुचित घडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल’ अशी नोटीस घरी आली. आता गटात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो उच्च न्यायालयात जाऊ, हक्क तिथेच मिळतात. दुसरा म्हणतो कोर्टाने गरिबाला कधी काही दिले नाही, जे मिळाले ते रस्त्यावर मिळाले. आणि तुम्ही विचारता की आजवर आपल्याकडे हक्क खरोखर कोणामुळे वाढले, निकालांमुळे की आंदोलनांमुळे?

मी अनेक वर्षे उच्च न्यायालयात वकिली करतो आहे, आणि माझे बरेचसे पक्षकार संघटनांमधूनच येतात. हा वाद मी जवळपास प्रत्येक बैठकीत ऐकतो. तुमची अडचण मात्र या वादापेक्षा थोडी वेगळी आहे. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क तुम्हाला अजून मिळवायचा आहे असे नाही. तो संविधानाच्या कलम १९ मध्ये पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या ठाण्यातला अधिकारी तो मानत नाही, ही तुमची अडचण. नवा हक्क मिळवणे आणि मिळालेला हक्क पाळायला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना लागणारी माणसे, कागद आणि वेळ सगळेच वेगळे असते. बहुतेक गट इथेच गोंधळतात.

उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. समोर सरकार आहे की गावातलाच बलदंड समाज, तुमच्या गटात कोणाच्या नोकरीवर किंवा प्रवेशावर गंडांतर येऊ शकते, प्रश्न दोन आठवड्यांत संपणारा आहे की दहा वर्षे चालणारा, यावर मार्ग बदलतो. त्यामुळे इथे दिशा सांगतो. कागदपत्रे पाहिल्याशिवाय नेमका सल्ला कोणी देऊ नये.

आपल्या मातीतले सगळ्यात बोलके उदाहरण महाडचे आहे, आणि ते लोकांना अर्धेच माहीत असते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला होता. तळ्यावर जायची सोय मात्र कोणाला नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या तोंडावर सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. सत्याग्रह स्थगित केला, त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन केले, आणि दावा लढवायला घेतला. तो दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही.

या क्रमाकडे नीट पाहा. आधी ठराव, मग पाऊल, मग हल्ला, मग विरोधकांचा दावा, मग निकाल. इथे कोर्टात प्रतिपक्ष गेला, चळवळ गेली नाही. आणि निकाल लागला तो पुराव्याच्या एका अगदी नेमक्या प्रश्नावर: रूढी किती जुनी? समतेवर भाषण देऊन तो दावा जिंकता आला नसता. दुसरीकडे, लोक तळ्यावर गेलेच नसते तर तो प्रश्न कोर्टापुढे कधी उभाही राहिला नसता. तुमच्या दोन्ही तटांना मी हेच वाचायला सांगेन.

आता ज्यांना वाटते की निकाल विरोधात गेला की सगळे संपले, त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण, तेही आपल्याच राज्यातले, विदर्भातले. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. उच्च न्यायालयाने भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे यांतला फरक ओळखला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसून टाकला. यावर अपील उरत नाही. वकिलाच्या दृष्टीने फाइल बंद.

पण १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यात निकालातले तर्क एकेक करून तपासले होते. त्या पत्राभोवती मुंबई, दिल्ली, नागपूर अशा ठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे पीडितेने कोर्टात सांगितले, की कोर्ट ते गृहीत धरेल आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. मथुराला स्वतःला यातून न्याय मिळाला नाही, आणि हे बोलताना ते विसरून चालणार नाही. पण कायदा हलला तो हरलेल्या खटल्यावर. आणि हलला याचे कारण त्या पत्रात नुसता संताप नव्हता. निकालाचा कोणता परिच्छेद का चुकला हे त्यात दाखवले होते. आंदोलनाला अशा बारकाईची जोड मिळाली की कायदे करणाऱ्यांच्या हातात नेमका मसुदा पडतो.

आणीबाणीतही हेच दिसते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. याआधी नऊ उच्च न्यायालयांनी नागरिकांच्या बाजूने कौल दिला होता, तोही पुसला गेला. लोकांनी १९७७ ला सरकार बदलले, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ (शिक्षेबाबतचे संरक्षण आणि जगण्याचा व स्वातंत्र्याचा हक्क) स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला तो २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. चार दशके गेली. पण खन्नांचे मतभिन्नतेचे निकालपत्र लिहिलेले होते, म्हणून परत येण्याची वाट राहिली.

उलट बाजूही तितकीच खरी. तत्त्व जिंकायचे आणि घर गमवायचे, असेही होते. १९८१ मध्ये मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. हे वाक्य आजही देशभरातल्या फेरीवाल्यांच्या आणि झोपडीवासीयांच्या याचिकांमध्ये उद्धृत होते. मीही अनेकदा केले आहे. पण त्याच निकालाने पालिकेला पदपथ मोकळे करायला परवानगी दिली. पावसाळा उलटेपर्यंत थांबा, १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्या, असे सांगितले. तरी पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट ठेवली नाही. जे लोक कोर्टात गेले त्यांना थोडा अवधी मिळाला, आणि पुढच्या पिढीला एक तत्त्व मिळाले. आपल्या पक्षकाराला हे आधी सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे असे मी मानतो. ज्याचे घर पणाला लागले आहे त्याला विचारल्याशिवाय त्याच्या नावावर तत्त्वाची लढाई लढू नये.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो: निकाल हातात असूनही ठाण्यात काही का बदलत नाही?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर काही लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने पसंती दर्शवली होती. त्यावरून देशभर गदारोळ झाला, कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. इतका स्वच्छ निकाल क्वचित लागतो. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले. ‘पीयूसीएल’ ही नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी संघटना पुन्हा कोर्टात गेली. २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये, मुख्य सचिव आणि पोलीस प्रमुखांकडे पाठवायचे आदेश निघाले, तरी थांबेना. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

यामागे दर वेळी दुष्ट हेतू असतो असे नाही. ठाण्यातल्या माणसाच्या हाताशी कायद्याचे जुने पुस्तक असते, जुन्या फिर्यादीचा नमुना असतो, वरून आलेला तोंडी निरोप असतो. निकालपत्र शेकडो पानांचे आणि इंग्रजीत. ते त्याच्या टेबलापर्यंत पोहोचवणारे कोणी नसते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायदा आहे आणि संविधानाच्या कलम १४१ नुसार तो देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण त्याला स्वतःचे पाय नाहीत. पोहोचवायचे काम संघटनाच करतात: मराठीत दोन पानी गोषवारा काढणे, तो अर्जासोबत जोडणे, पोच घेणे, पुढच्या वेळी तीच पोच दाखवणे. कंटाळवाणे काम आहे. पण माझ्या अनुभवात ठाण्याची वागणूक बदलली ती यानेच.

माहितीचा अधिकारही असाच आला. राज नारायण खटल्यात १९७५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकार काय करते हे जाणण्याचा जनतेला हक्क आहे. तरी सामान्य माणूस तलाठ्याकडे अर्ज देऊन कागद मागू शकत नव्हता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या, १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरले, महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. निकालातले वाक्य आणि दहा रुपयांचा अर्ज यांच्यामध्ये तीस वर्षे आणि हजारो माणसे आहेत.

रस्त्याविषयी मात्र भाबडे राहू नका. रस्ता प्रतिपक्षालाही मोकळा असतो. १९८५ मध्ये शाहबानोला पोटगी देणारा निकाल आला आणि त्याविरुद्धच्या आंदोलनापुढे झुकून १९८६ मध्ये संसदेने त्याची धार बोथट करणारा कायदा केला. जिथे गावातले बहुसंख्य लोकच तुमच्या विरोधात आहेत, तिथे कोर्ट हाच मोठा आधार असतो, कारण तिथे डोकी मोजत नाहीत. शनिशिंगणापूरला स्त्रियांना चौथऱ्यावर जाऊ देत नव्हते. सगळ्या हिंदूंना सार्वजनिक मंदिरे खुली करणारा महाराष्ट्राचा कायदा १९५६ चा, पण तो कोणी राबवला नव्हता. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयाने तो राबवायची जबाबदारी सरकारवर टाकली. दुसऱ्या दिवशी गेलेल्या स्त्रियांना गावकऱ्यांनी अडवले. आठवडाभराने, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. याचिका नसती तर अडवणाऱ्यांना कोणी बेकायदा म्हटले नसते, आणि स्त्रिया गेल्या नसत्या तर आदेश फाइलमध्ये राहिला असता.

एवढे लक्षात ठेवून तुमच्या प्रकरणाकडे पाहू. तुम्हाला आलेली नोटीस बहुधा आमच्याकडे सगळे जिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात ती आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ते कलम जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झाले आहे. ही नोटीस म्हणजे गुन्हा नोंदला गेला असे नाही आणि शिक्षाही नाही. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी दिलेली ती समज असते. घाबरून गप्प बसू नका, फाडूनही टाकू नका. तिला लेखी उत्तर द्या: आमचा कार्यक्रम शांततेचा आहे, जागा अमुक, वेळ अमुक, अंदाजे इतके लोक, ध्वनिक्षेपक लावणार नाही, जबाबदार व्यक्ती या तीन. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

परवानगी नाकारली असेल तर कारणासह लेखी आदेश मागा. तोंडी नकाराविरुद्ध याचिका उभी करणे फार अवघड जाते. नकार जमावबंदीमुळे असेल, तर जमावबंदीच्या मूळ आदेशाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे चालत नाही. प्रत्यक्षात एक संपला की दुसरा काढतात. म्हणून मागच्या वर्षभरातले सगळे आदेश मागवा आणि तारखा एकाखाली एक लिहा. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमावबंदीच्या १४४ व्या कलमाबद्दल (आता १६३) सांगितले आहे की लोकांचे रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी ते वापरता येणार नाही आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. तारखांचा तुमचा तक्ता तिथे नेमका उपयोगी पडतो.

आपल्याकडचाच निकाल हवा असेल तर औरंगाबाद खंडपीठाचा फेब्रुवारी २०२० चा वाचा. माजलगावला नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेत बसू इच्छिणाऱ्यांना परवानगी नाकारली होती. खंडपीठाने तो नकार आणि त्यामागचा जमावबंदीचा आदेश रद्द केला, आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले. तुमच्या नळपाण्याच्या धरण्याला याहून जवळचा आधार मिळणे कठीण.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या शाहीनबागेच्या धरण्याच्या प्रकरणात मात्र सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, आंदोलने नेमून दिलेल्या जागी व्हावीत. म्हणून तुमच्या अर्जात रस्ता नको, मैदान किंवा तहसील कचेरीसमोरची मोकळी जागा मागा, आणि दुसरी पर्यायी जागाही सुचवा. पर्याय दिलेला असताना पोलिसांनी सरसकट नाही म्हटले, की ‘वाजवी निर्बंध’ हा त्यांचा बचाव पातळ होतो. मागणी जितकी नेमकी, तितका न्यायाधीशांना हो म्हणायला कमी त्रास.

एवढी फाइल तयार झाली आणि तिसरा अर्जही नाकारला, तर रिट याचिका (हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) करा. आधी नको. कच्च्या फाइलवर केलेली याचिका फेटाळली गेली तर ती तुमच्यापुरती राहत नाही. पुढच्या तालुक्यातला पोलीस निरीक्षक तोच निकाल दाखवतो. याचिकेत प्रश्नही एकच ठेवा: हा नकार कायदेशीर आहे का? पाणीयोजनेतला भ्रष्टाचार, आमदारांचे वागणे, सगळी व्यवस्था एकाच याचिकेत आणली की तुमचा साधा, जिंकता येणारा मुद्दा हरवतो. पाण्याचे बोलायला धरणे आहेच.

दरम्यान धरणे नसले तरी काम थांबवू नका. वॉर्डात सह्या घ्या, ग्रामसभा किंवा नगरपालिकेची सभा गाठा, तारीखवार किती दिवस पाणी आले नाही याची नोंद ठेवा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोर्टात ‘हे लोक कोण?’ असा प्रश्न आला तर उत्तर तयार असते.

खर्चाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. उच्च न्यायालयातल्या कामासाठी तिथलीही समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि तुमच्या गटात मुली आहेत असे तुम्ही लिहिलेच आहे. मात्र मोफत वकील मिळतो म्हणून कोणाला याचिकाकर्ती करू नका. ज्याचे नाव वर येईल त्याच्या घरी पोलीस चौकशीला जाऊ शकतात, नातेवाईक दबाव आणू शकतात, स्पर्धा परीक्षेच्या चारित्र्य पडताळणीत प्रश्न निघू शकतात. नाव द्यायचे त्या दोघांतिघांनी घरी बोलून, चार दिवस विचार करून मगच सही करावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी तारखांचा तक्ता, पोचपावत्या आणि गोषवारे सांभाळावेत. पहिला अर्ज तुम्ही कधी दिला आणि त्याची पोच आहे का, ते कळवा. ती नसेल तर आजच टपालाने, पोच मिळेल अशा रीतीने, त्याच मजकुराचा नवा अर्ज पाठवा.